लोटू डॉक्टरांची ग्रीसगन

लोटू बडगुजरांना त्यांच्या मिलमध्ये सगळे डॉक्टर म्हणतात, आणि ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळते, कारण ती ते स्वतःच सांगतात. डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. पारोळा तालुक्यातलं गाव सोडून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले, आता सत्तावन्न पूर्ण झाली. शिक्षण नववी. हुद्दा फिटर. पण बोलण्याचा थाट असा, की मिल प्रवीणभाईंची असली तरी चालते ती आपल्यामुळे.

त्यात थोडंफार तथ्य होतंच. पर्वत पाटियाच्या पुढे, कडोदऱ्याच्या रस्त्यावर ही मिल आहे. तिथे साड्यांचं कापड रंगवतात, आणि रंगवलेलं कापड दोन्ही काठांनी ताणून धरून गरम हवेतून नेतात. या लांबलचक भट्टीसारख्या मशीनला स्टेंटर म्हणतात. आतली हवा फिरवायला सोळा मोठे पंखे, म्हणजे ब्लोअर. या सोळा ब्लोअरना लोटूकाका पोटच्या पोरांसारखं जपायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटरला लावायचं, दुसरं कानाला, डोळे मिटायचे, आणि क्षणभराने म्हणायचं, "याला सर्दी झाली आहे." लोक मान डोलवायचे.

सोमवार आणि गुरुवार हे त्यांचे ग्रीसचे वार. सकाळी नऊच्या सुमारास ग्रीसगन खांद्याला टेकवून ते एक नंबरपासून सुरुवात करायचे आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये इतके पंप मारायचे, की ताजं ग्रीस कडेने बाहेर यावं. "पोट भरलं हे कसं कळणार? तोंडातून परत आलं की कळणार," असं त्यांचं शास्त्र. घरी पाहुण्यांनाही हाच नियम होता. त्यांचे जावई योगेंद्र वरण-बट्टीच्या पंगतीला बसण्याआधी पँटचा पट्टा दोन भोकं सैल करून घेतात.

आता एवढी काळजी घेऊनही स्टेंटरची बेअरिंगं वारंवार जायची. याचं कारण लोटूकाकांकडे तयार होतं: माल डुप्लिकेट.

हे कारण पहिल्यांदा त्यांनी सहा वर्षांपूर्वी शोधलं आणि त्यात त्यांचा सगळ्यात जुना मित्र दुरावला. उखा सोनवणे. दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी भुसावळ-सुरत पॅसेंजरने आलेले, लिंबायतच्या एका खोलीत अकराजणांबरोबर पाळीपाळीने झोपलेले. पुढे उखांनी लूमचं काम सोडून पर्वत पाटियाला बेअरिंगचं छोटं दुकान टाकलं आणि लोटूकाकांनी आपल्या मिलचा माल त्यांच्याकडून सुरू करून दिला. मग त्या वर्षी दोन महिन्यांत एकापाठोपाठ तीन बेअरिंगं गेली. लोटूकाका ती घेऊन उखांच्या दुकानात गेले. तिथे उखा त्यांना काहीतरी बोलले. काय बोलले ते काकांनी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. पण परत आले ते लालबुंद होऊन, आणि थेट प्रवीणभाईंच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की उखा डुप्लिकेट माल देतो. माल बंद झाला. बोलणं बंद झालं. मुलगी जयश्रीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा उखांना गेली नाही.

नव्या दुकानदाराची बेअरिंगं तितक्याच दिवसांत गेली. त्यानंतरच्याचीही. "आता बाजारात अस्सल काही राहिलंच नाही," लोटूकाका म्हणाले आणि ग्रीसचे दोन पंप वाढवले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मिलमध्ये नूतन आली. सव्वीस वर्षांची इंजिनियर. वडील नंदुरबारकडचे, पण ती जन्मली-वाढली कतारगामला, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन वाक्यांनी एक गुजराती शब्द यायचा. मशीनचे आकडे बघून बिघाड आधीच सांगणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. तिने प्रत्येक मोटरवर काडेपेटीएवढी एक डबी बसवली. ती डबी मोटरचा ताप आणि थरथर दिवसरात्र मोजायची आणि फोनवर पाठवायची. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे हे आता टिकणार नाही.

लोटूकाका कमरेवर हात ठेवून बघत होते.

"हे खातं काय?"

"बॅटरी आहे आत, काका. तीन वर्षं चालते."

"म्हणजे ग्रीस नाही, पाणी नाही, तीन वर्षं उपाशी. आणि हे मला सांगणार माझ्या मशीनला काय झालंय?"

"सांगेल ने. पण आधी शिकावं लागेल त्याला. तुम्ही शिकवा."

हे शेवटचं वाक्य बरोबर जागी बसलं. शिकवायचं म्हटल्यावर काकांचा आवाजच बदलला. नूतनने त्यांना सांगितलं, की तुम्ही जे काम कराल ते फोनवर बोलून मला पाठवा, मी त्याची नोंद करते. त्या दिवसापासून तिच्या फोनवर काकांचे निरोप सुरू झाले. "गुरुवार. ब्लोअर एक ते सोळा. ग्रीस दिलं. भरपेट." दर सोमवारी, दर गुरुवारी. एकदा तिने विचारलं, "काका, भरपेट म्हणजे किती लिहू?" काकांना उत्तर देता येईना. मग ती स्वतः एका गुरुवारी त्यांच्या मागे उभी राहिली आणि पंप मोजले. एकेका ब्लोअरला एकतीस भरले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अकरा नंबरचा ब्लोअर लाल झाला. बेअरिंग तीन आठवड्यांच्या आत जाईल, असं फोनवर आलं. नूतन म्हणाली, "उत्तरायणला दोन दिवस मिल बंदच आहे. तेव्हा बदलून टाकू."

लोटूकाकांनी स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. मग तळवा ठेवला. "ठणठणीत आहे," त्यांनी निकाल दिला. "उत्तरायणला माणूस गच्चीवर पतंग उडवतो, उंधियो खातो. निरोगी मोटर उघडून बसत नाही." आणि जाता जाता अकरा नंबरला जास्तीचे दहा पंप मारून गेले, म्हणजे त्या डबीचा गैरसमज दूर व्हावा.

एकोणीस जानेवारीला, भर दुपारी, अकरा नंबर किंचाळला आणि बसला. आत कापड चालू होतं. स्टेंटर थांबवेपर्यंत त्या तुकड्यावर पिवळे डाग पडले. प्रवीणभाई खाली आले, डागांकडे बघितलं, लोटूकाकांकडे बघितलं, आणि काही न बोलता वर गेले. ते बोलले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

मोटर उघडली. बेअरिंगची सील फाटलेली, आतलं ग्रीस जळून डांबरासारखं झालेलं. काकांनी ते वर धरलं. "बघा! डुप्लिकेट!"

नूतनला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. संध्याकाळी पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर तिने काकांना गाठलं, बाकावर बसवलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर तापमानाची रेघ होती. सरळ चालायची, मग एकदम वर उसळायची, हळूहळू खाली यायची, पुरती खाली येण्याआधी पुन्हा उसळायची.

"हे उसळतं ते कधी?" काकांनी चष्मा सारखा केला.

"सोमवारी आणि गुरुवारी. साडेनऊच्या आसपास."

"लाईटचा लोचा असेल. त्या वेळी शेजारच्या मिलचा बॉयलर सुरू होतो."

"मी पण तेच समजले होते. पण बॉयलर तर रोज चालतो."

"मग गुरुवारी काय होतं?"

नूतनने चहाचा कप बाकावर ठेवला. "काका, गुरुवारी तुम्ही येता."

नूतनने हलक्या आवाजात सांगितलं, की बेअरिंगमधल्या गोळ्यांना फिरायला थोडी मोकळी जागा लागते. ग्रीस ठासून भरलं की त्या त्यातच घुसळत राहतात आणि तापतात. दाबाने सील फाटते, ग्रीस जळतं, आणि मग बेअरिंग जातं. मशीनच्या पुस्तकात दर अडीच महिन्यांनी सहा पंप लिहिले आहेत.

"सहा?"

"सहा."

"अडीच महिन्यांत?"

चार वर्षांपूर्वी शुगर निघाल्यापासून काका बिनसाखरेचा चहा घेतात; उरलेला त्यांनी ओतून दिला आणि ते घरी गेले. त्यांच्या पत्नी सरलाबाईंनी मला नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, म्हणून सरलाबाईंनीच त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. विचारलं, "काय व्हयनं?" तर म्हणाले, "काही नही. एक पोरगी सांगस, मी डॉक्टर नही, रोग शे." हे ऐकून सरलाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

दोन दिवस अबोल्यात गेले. तिसऱ्या दिवशी लोटूकाका नूतनसमोर येऊन उभे राहिले. "परीक्षा घेऊ. सोळा ब्लोअर आहेत. सगळ्यांचं जुनं ग्रीस काढून साफ करतो. सम नंबर माझे, विषम तुझे. माझ्यांना मी माझ्यासारखं देणार, तुझ्यांना सहा पंप आणि नंतर उपास. अडीच महिने. प्रवीणभाईंना मी सांगतो." नूतनने एकच अट घातली: कुठलाही ब्लोअर लाल झाला, की तो बंद पडायची वाट न बघता पुढच्या सुटीत उघडायचा. काकांनी कबूल केलं.

ते दिवस त्यांना फार जड गेले. सोमवारी दोन नंबरला ग्रीस द्यायचे आणि तीन नंबरवरून पुढे जाताना मान वळवायचे, जणू भुकेलं मूल दारात बसलंय. फेब्रुवारीच्या शेवटी एका गुरुवारी त्यांना राहवलं नाही. आजूबाजूला कुणी नाही बघून त्यांनी सात नंबरला चोरून दोन पंप मारले. अर्ध्या तासात फोन वाजला. नूतनचा निरोप होता: "काका, सात नंबर?" काकांनी त्या डबीकडे असं बघितलं, जसं चुगलखोर पोराकडे बघावं. मग निरोप पाठवला: "दोनच."

अडीच महिने भरायच्या आतच, होळीपर्यंत, चित्र स्पष्ट झालं. विषम आठही हिरवे. सम आठांपैकी पाच पिवळे, आणि चार नंबर लाल. धुळेटीला मिल बंद होती. लोक रस्त्यावर रंग खेळत होते आणि लोटूकाका, कुणी न सांगता, चार नंबर उघडून बसले होते. ठरल्याप्रमाणे नूतनही आली होती. बेअरिंग बाहेर काढलं. अजून चालत होतं, पण बोटाने फिरवलं की एका जागी अडकायचं, बारीकसं. बंद पडण्याआधी बेअरिंग हातात घेण्याची त्यांची अडतीस वर्षांतली ही पहिली वेळ. त्यांनी ते चारपाच वेळा फिरवलं, त्याच जागी थांबवलं.

"पोरी, हे तुझं यंत्र सहा वर्षांपूर्वीचं दाखवतं का?"

"नाही काका. तेव्हा डब्या कुठे होत्या?"

"हो," काका म्हणाले. "पण तेव्हाही गुरुवारी मीच येत होतो."

नूतनला याचा अर्थ कळला नाही. तिला उखा सोनवणे माहीत नव्हते. लोटूकाकांनी त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. उखा दुकानात काय बोलले होते तेही सांगितलं. ती तीन बेअरिंगं हातात घेऊन उखांनी फडक्याने पुसली होती, वास घेतला होता, आणि म्हणाले होते, "भाऊ, तू ग्रीस जास्त देस." एवढंच. डॉक्टरांना त्यांचं औषध चुकतंय असं एक दुकानदार सांगतो, हे लोटूकाकांना सहन झालं नव्हतं. डुप्लिकेटचा शोध त्यानंतर रिक्षात बसून लागला होता.

मिल उघडल्यावर पहिल्याच सकाळी ते प्रवीणभाईंच्या केबिनमध्ये गेले. ज्या टेबलापाशी उभं राहून उखांचं नाव घालवलं, तिथेच उभे राहून त्यांनी सगळं परत सांगितलं, या वेळी खरं. प्रवीणभाई खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एटले लोटूभाई, बेअरिंग डुप्लिकेट नोती. डॉक्टर डुप्लिकेट हतो!"

हे वाक्य केबिनबाहेर पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुपारच्या जेवणापर्यंत अख्खी मिल त्यांना "डुप्लिकेट डॉक्टर" म्हणत होती. काकांनी ते तोंड मिटून ऐकून घेतलं. मिलमधली माणसं सांगतात, की त्या दिवशी काका जरा उंच दिसत होते. मला ती अतिशयोक्ती वाटते, त्यांची उंची पाच फूट तीन इंच आहे.

पुढच्या रविवारी ते उखांच्या दुकानात गेले. सोबत नूतनकडून रेघेचा छापील कागद करून घेतला होता. उखा काउंटरमागे बसून बेअरिंगच्या खोक्यांवर नंबर लिहीत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा नंबर लिहू लागले.

लोटूकाकांनी कागद काउंटरवर पसरला. उखांनी तो उचलला, उलटा धरला, सुलटा धरला. "कोणाची जन्मपत्रिका आहे?"

"अकरा नंबरच्या ब्लोअरची," काका म्हणाले आणि सुरू झाले. गोळ्यांना जागा लागते, घुसळल्याने ताप वाढतो, सील फाटते, पुस्तकात सहा पंप लिहिलेत. पाव तास त्यांनी बेअरिंगच्या दुकानदाराला बेअरिंग म्हणजे काय हे शिकवलं. माफीचा शब्द मात्र तोंडातून निघेना. उखांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी पेन ठेवून विचारलं, "हे तू मला सांगतोस?"

लोटूकाकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"हे मी तुला एका वाक्यात सांगितलं होतं, लोटू. कागद लागला नव्हता."

"हो."

"माल बंद केला, त्याचं मला काही नाही. गिऱ्हाईक येतं, जातं." उखांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "जयश्री मन्हा खांद्यावर बशीसन गौरी-गणपती देखाले जाये. तिना लगनले माले बलावं नही."

रस्त्यावरून टेम्पो जात होते, साड्यांचे गठ्ठे चढत-उतरत होते. लोटूकाकांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली.

"मन्हं चुकनं," ते म्हणाले. "बेअरिंगमा भी चुकनं, आणि लगनमा तर लई चुकनं."

एक गिऱ्हाईक आलं, उखांनी त्याला माल दिला, ते गेलं. मग उखांनी आतलं स्टूल पायाने बाहेर सरकवलं. "बठ."

काका बसले. बसल्या बसल्या त्यांना उत्साह आला. ते म्हणाले, की प्रवीणभाईंशी बोललो आहे, उद्यापासून मिलचा सगळा माल तुझ्याच दुकानातून. उखा आता मात्र मोठ्याने हसले. "आता? वर्षाला वीस बेअरिंगं लागत होती तेव्हा दुसऱ्याकडून घेतली, आणि आता त्या पोरीच्या डब्यांमुळे पाचच लागणार, तर मला देतोस?"

काकांनी हा हिशेब केला नव्हता. त्यांचा चेहरा इतका पडला, की उखांनाच दया आली. "दे, पाच तर पाच," ते म्हणाले.

काकांनी खिशातून फोन काढला. जयश्री लग्नानंतर कामरेजला राहते. तिला व्हिडिओ कॉल लावून आपण केवढी मोठी भेट घडवून आणतो आहोत, या तोऱ्यात त्यांनी फोन उखांच्या तोंडासमोर धरला. "बघ कोण आहे! ओळखलं का?"

"उखाकाका!" जयश्री म्हणाली. "अहो, खोकला बरा झाला का? मंगळवारी फोनवर किती खोकत होतात!"

लोटूकाकांचा हात तसाच हवेत राहिला. मग सगळं बाहेर आलं. जयश्री आणि उखा दर आठवड्याला बोलत होते. लग्नात उखांच्या बायकोने, शोभाकाकूंनी, मांडवामागून येऊन सरलाबाईंच्या हातात साडी दिली होती. सरलाबाई आणि शोभाकाकू दर महिन्याला एकादशीला मंदिरात भेटत होत्या, पापडाचं पीठ एकत्र दळून आणत होत्या. जावई योगेंद्रांनी तर घरच्या पिठाच्या गिरणीचं बेअरिंग उखांकडूनच नेलं होतं. सहा वर्षं हे भांडण लोटूकाकांनी एकट्याने चालवलं होतं.

"सगळ्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुला सोडून," उखा म्हणाले, आणि शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा.